घसा बरा वाटला तरी गोळ्या थांबवू नका

स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूने घसा धरला असेल तर अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, घास गिळता येतो आणि गोळ्यांची उरलेली पट्टी फ्रिजवर पडून राहते. तसं करू नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स, बहुधा १० दिवसांचा, पूर्ण करा. उपचार अर्धवट राहिले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात; हा धोका शाळकरी मुलांना जास्त.

बाकी सगळं घरचंच. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, मऊ भात, पेज. हळदीचं दूध खुशाल प्या, पण गोळीच्या जागी नव्हे! गोळ्या सुरू केल्यावर पहिले २४ तास शाळा-ऑफिस नको. लाळही गिळवेना, तोंड उघडेना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.