गाडीखाली न शिरता इंजिन ऑइल काढायचं तर

मुंबईत, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गाडी लावायला जागा मिळाली हेच खूप. तिथे जॅक लावून, पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपायचं कुठे? वर सोसायटीच्या सेक्रेटरींना फरशीवर ऑइलचा एक थेंब दिसला तर महिनाभर त्याचीच चर्चा. मी टॅक्सी चालवतो, छोटी हॅचबॅक, सीएनजीवर. तिचं ऑइल मी वरूनच काढतो, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) भोकात नळी सोडून हातपंपाने. शेजारचे ड्रायव्हर विचारत असतात, म्हणून एकदाच नीट सांगतो.

आधी एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या गाडीचा ऑइल फिल्टर वरून हाताला लागतो का? माझ्या गाडीत लागतो. तो खालूनच निघत असेल तर पंपाचा अर्धा फायदा गेला, कारण ऑइल नवीन आणि फिल्टर जुना हा प्रकार मला पटत नाही. अशा गाडीवाल्याने सरळ गॅरेजला जावं. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, काहींची डिपस्टिकची नळी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या, तळापर्यंत सरळ रस्ता देत नाही. तिथेही हट्ट करू नका.

पंप दोन प्रकारचे मिळतात. एक बॅटरीला चिमटे लावून चालणारा, दुसरा हाताचा, ज्याला खाली सहा-सात लीटरची टाकी असते. मी हाताचाच घ्या म्हणेन. बॅटरीवाले स्वस्तातले पंप जाड ऑइल ओढताना तापतात, शिवाय कोणीतरी हौशी माणूस त्याने पेट्रोल काढायला जातो. पेट्रोल या पंपाने काढायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. वाफ आणि ठिणगी एकत्र आली की संपलं. पंपाबरोबरची नळी कडक किंवा जाड निघाली तर नागदेवी स्ट्रीटला ऑइल आणि उष्णता सहन करणारी नळी मिळते. जाताना डिपस्टिक फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. तिच्या भोकातून सैल जाईल, पण वाटेत मुडपणार नाही, अशी नळी घ्यायची.

आता काम. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. वर चढलेलं ऑइल तेवढ्यात चेंबरमध्ये उतरतं. कोमट ऑइल भराभर येतं. लांबच्या भाड्यावरून आल्या आल्या मात्र सुरू करू नका, उकळतं ऑइल नळी मऊ करतं आणि हातही भाजतो. अगदी थंड ऑइलही नको. पंप काही जादूने ओढत नाही. टाकीतली हवा कमी झाली की बाहेरची हवा ऑइलला आत ढकलते, आणि त्या हवेचा जोर एका वातावरणाएवढाच. त्यापुढे दांडा कितीही हाणला तरी जाड ऑइल आपल्याच चालीने येणार.

किल्ली काढून खिशात ठेवा. हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे काम अर्धं झालं की कोणीतरी येतोच, "भाऊ, जरा गाडी पुढे घ्या, माझी अडकलीये." ऑइल काढलेलं इंजिन एकदाही सुरू करायचं नाही. फारच घाई असेल तर आधी नळी आणि पंप बाजूला काढा, मग गाडी न्यूट्रलला टाकून ढकला.

खरी कला नळीची आहे. डिपस्टिक काढून नळीशेजारी धरा आणि तिच्या लांबीवर नळीला चिकटपट्टीची खूण करा. मग नळी आत सोडा. खूण आली की पुढे हळूहळू, बोटांनीच. तळ लागला की बोटाला कळतं, बारीकसा टक् होतो आणि नळी पुढे जायला नको म्हणते. तिथे थांबायचं. अजून रेटलीत तर ती तळावर वळते, टोक वर उचललं जातं आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढत बसतो. वाटेल, ऑइल संपलं. टोक तळाला घट्ट टेकलं असेल तर तोंड बंद होतं, म्हणून तळ लागल्यावर नळी केसभर वर घ्या. टोक तिरपं कापलेलं असलं तर उत्तम.

दांडा पंधरा-वीस वेळा मारा आणि सोडून द्या. काळी धार नळीतून वर चढताना दिसते. मध्ये मध्ये चार-पाच दांडे पुरतात. शेवटी बशीतला उरलेला चहा फुरकताना येतो तसला आवाज येतो. लगेच नळी काढू नका. थोडी वर-खाली करा, जरा फिरवा, दोन मिनिटं थांबून पुन्हा ओढा. दर वेळी आणखी थोडं येतं.

मग मोजा. पंप वापरायचा तर हे टाळून चालत नाही. टाकीवर खुणा असतात, पण त्यांच्यावर विसंबू नका, मापाच्या भांड्यातून ओतून बघा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन लीटर ऑइल असतं; तुमचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. त्यापेक्षा बरंच कमी निघालं, तर एक तर इंजिन ऑइल खातंय किंवा आत बाकी आहे. काम सुरू करण्याआधी डिपस्टिकवर पातळी बघून ठेवली असेल तर कुठलं ते लगेच कळतं. बाकी आहे हे न कळता पुस्तकातला पूर्ण आकडा ओतलात तर ऑइल जास्त होतं, आणि जास्त ऑइलही इंजिनाला बाधतं.

फिल्टर बदला. नव्याच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावा, हातानेच आवळा. ऑइल आकड्यापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि मग उरलेलं घाला. सीएनजीवाल्यांनी रंगावर जाऊ नये. गॅसवर ऑइल लवकर काळं पडत नाही, पण झिजायचं तेवढं झिजतंच.

पंपाची एक उणीव आहे. तळाचा जाड गाळ आणि धातूचा चुरा नळीतून येत नाही. म्हणून मी मधून मधून गॅरेजला गाडी रॅम्पवर चढवून चेंबरच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट उघडवतोच. वायसर नवा घालायला सांगा, जुना पुन्हा लावला की थेंब थेंब सुरू.

पावसाळ्यात हा पंप जास्त कामाचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती इंजिनं निव्वळ स्टार्टर मारल्याने गेली. हिंदमाता असो, मिलन सबवे असो, गाडी बॉनेटपर्यंत बुडाली असेल तर स्टार्टर मारू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि त्यांनी हात लावायला हो म्हटल्यावर इंजिन न तापवता तळापर्यंत नळी घाला. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी असतं आणि पहिल्यांदा तेच येतं. नळीत आधी गढूळ पाणी आणि मागून ऑइल दिसलं तर इंजिनात पाणी शिरलंय हे पक्कं. दुधाळ चहासारखं काही आलं तर पाणी शिरल्यावर कोणीतरी इंजिन फिरवलंय. पुढचं काम मेकॅनिकचं, गाडी टो करून न्या.

ब्रेक ऑइलला हा पंप लावू नका. टाकीत इंजिन ऑइलचा अंश असतोच, आणि तो ब्रेकच्या रबरी सीलला फुगवतो. त्यासाठी वेगळी मोठी इंजेक्शनची सिरिंज ठेवा, तिच्यावर मार्करने 'ब्रेक' लिहा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, मुंबईत ओलीला काय कमी! डॉट 3 या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशाच्या खाली उकळत नाही, ओल धरल्यावर ती हमी 140 वर येते. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळतं आणि दाबूनही ब्रेक लागत नाही, तो यामुळे. पण वरच्या डबीतलं काढून नवीन घातलं म्हणजे ब्रेक ऑइल बदललं असं नाही. चारही चाकांकडून ब्लीड करावं लागतं, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढावी लागते, ते ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाणी मारा. ऑटोमॅटिक गिअरच्या ऑइलला तर हातच लावू नका.

राहिलं जळालेलं ऑइल. 2016 च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतलं की पावसाळी नाल्यातून ते खाडीत आणि समुद्रात जातं. मी बूच घट्ट लावलेल्या कॅनमध्ये साठवतो आणि ओळखीच्या गॅरेजला देतो. तिथून अधिकृत रिसायकलवाला ड्रम उचलतो. गॅरेज निवडताना हे विचारूनच निवडा. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने दोन भोकं पाडा आणि लेबल फाडा, नाहीतर त्याच डब्यात भेसळीचं ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येतो.