ट्रॅक्टरवर बसणारं उंच झाडं छाटायचं यंत्र: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

या कामात नवीन येणारी मुलं, डिप्लोमावाली असोत की डिग्रीवाली, पहिल्यांदा करवतीबद्दलच विचारतात. ब्लेड केवढं घ्यायचं, आरपीएम किती ठेवायचे, किती जाड फांदी कापता येईल. प्रश्न चुकीचे नाहीत, पण बरीच वर्षं ही यंत्रं डिझाइन करून आणि दुरुस्त करून माझं मत पक्कं झालंय की कापणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम दोनच गोष्टींचं, कापताना ट्रॅक्टर जागचा हलता कामा नये आणि कापलेली फांदी माणसाच्या जवळपाससुद्धा पडता कामा नये. हे यंत्र आपण बनवतो कशासाठी, तर कुणालाही शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर चेनसॉ धरायला लागू नये म्हणून. तो माणूस खाली आला आणि ट्रॅक्टरखाली सापडला तर आपण काय मिळवलं?

म्हणून कॅड उघडायच्या आधी झाडं छाटणाऱ्या माणसांबरोबर काही दिवस नुसते उभे राहा आणि बघा. अनुभवी माणूस जड फांदी एका कापात कधीच पाडत नाही. आधी खोडापासून थोडं पुढे खालून एक चीर देतो, मग त्याच्या अजून पुढे वरून कापतो म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलून नेत नाही, आणि मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून साफ करतो. त्या फुगवट्याला कॉलर म्हणतात. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून बंद करतं, आणि कॉलर कापून टाकली तर त्या भिंती नीट उभ्या राहत नाहीत. आता याचा डिझाइनशी काय संबंध? थेट संबंध आहे. तुमचं कटिंग हेड, म्हणजे टोकाचा करवतीचा भाग, फक्त आडवं किंवा फक्त उभं चालत असेल तर ऑपरेटर एकतर लांब खुंट ठेवणार नाहीतर खोडाला घासून कापणार, म्हणून हेडला टिल्ट पाहिजे, आणि जाड फांद्यांचं काम असेल तर खालून चीर देता येईल एवढं फिरणं पाहिजे.

आणि वजनाचा अंदाज हिशेब करूनच घ्यायचा. २० सेंमी जाड आणि ४ मीटर लांब ओली फांदी धरा, लाकूड ओलं असताना घनमीटरला ९०० ते १००० किलो भरतं, म्हणजे ही एकच फांदी ११० ते १२५ किलोची झाली, डहाळ्या आणि पानं वेगळी. ती सरळ खाली पडेलच असं नाही, ती बूमवरून, म्हणजे करवत वर धरणाऱ्या लांब हातावरून, घसरत केबिनकडे येऊ शकते, आणि बूमवर अडकून मग सुटली की बूम जोरात वर उसळतो. लोड अचानक आला तर ताण स्थिर लोडच्या दुप्पट धरायचा असं मटेरियलच्या पुस्तकात असतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

आता स्टॅबिलिटीबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथेच लोक गडबड करतात. समजा ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यावर २०० किलोचा बूम ज्याचा मध्य २.५ मीटर बाजूला, आणि टोकाला ८० किलोचं हेड ५ मीटरवर. मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, झाला ५०० अधिक ४००, म्हणजे ९०० किलो-मीटर. एकूण वजन २२८०, म्हणजे सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य साधारण ३९ सेंमी बाजूला सरकला. मागच्या चाकाचा मध्य ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून ७० सेंमीवर असला तर वाटतं अजून बरीच जागा आहे. पण ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मध्यावर पिनवर झुलतो, त्यामुळे त्याचा आधार चौकोनी नसतो, त्रिकोणी असतो, मागची दोन चाकं आणि पुढची ती एक पिन. गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलपासून व्हीलबेसच्या ४० टक्के पुढे असेल तर तिथे त्रिकोणाची कड फक्त ४२ सेंमीवर येते. म्हणजे राहिले ३ सेंमी! आणि त्यात जमीन ५ अंश कलती असली, गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असला, तर अजून जवळजवळ ९ सेंमी बाहेर सरकतो आणि ट्रॅक्टर कलायला लागतो. पुढे ॲक्सलचा स्टॉप लागतो हे खरं, पण तोपर्यंत ट्रॅक्टरने वेग घेतलेला असतो. हा हिशेब कागदावर हाताने करा, प्रत्येक बूम पोझिशनला करा, सॉफ्टवेअर नंतर.

यावर उपाय काही गूढ नाहीत. आउटरिगर, म्हणजे बाजूला जमिनीवर टेकणारे पाय, द्या आणि ते टेकल्याशिवाय बूम बाजूला फिरणारच नाही अशी हायड्रॉलिक व्यवस्था करा, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट द्या, फिरण्याचा कोन लोखंडी स्टॉपने मर्यादित करा, पुढच्या ॲक्सलवर एकूण वजनाच्या निदान २० टक्के राहील हे बघा. आणि नुसत्या थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या तीन दांड्यांवर, बूम टांगू नका. ते लिंकेज वर उचलतं, पण बहुतेक ट्रॅक्टरवर खाली दाबून धरत नाही, बाजूच्या झटक्यासाठी तर ते बनलेलंच नाही. बूमची फ्रेम ट्रॅक्टरच्या ॲक्सल हाउसिंगला आणि चासीला कडक बोल्ट करायची, किंवा वेगळे ब्रेस द्यायचे.

लोडरच्या बकेटमध्ये नाहीतर बूमच्या टोकाला पिंजरा वेल्ड करून त्यात माणूस उभा करा अशी मागणी तुमच्याकडे येईल, नक्की येईल. सरळ नाही म्हणा. माणूस उचलणारं यंत्र हा पूर्ण वेगळा वर्ग आहे, त्याला युरोपात ईएन २८० आणि अमेरिकेत एएनएसआय ए९२ अशी वेगळी मानकं आहेत. माणूस सीटवर, करवत वर, हीच आपल्या यंत्राची हद्द.

हायड्रॉलिक्समध्ये नवीन माणसाने एक सूत्र पाठच करावं, बार गुणिले लिटर प्रति मिनिट भागिले ६००, उत्तर किलोवॉटमध्ये. १५० बार आणि ३० लिटर म्हणजे साडेसात किलोवॉट, साधारण १० एचपी, तेही मोटरमधला लॉस धरायच्या आधी. बारीक फांद्यांना हे पुरतं, पण दिवसभर ट्रॅक्टरच्याच तेलावर मोटर चालवली तर तेल तापतं, म्हणून मी स्वतंत्र टाकी आणि पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर, पंप हाच मार्ग धरतो. पीटीओ ५४० आरपीएमचा, मध्ये १:३ चा गिअरबॉक्स टाकला की १६२० होतात, आणि २० सीसीचा पंप ३२ लिटरच्या आसपास देतो. पीटीओ शाफ्टवरचं गार्ड काढून काम करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचं, तुमचा साहेब असला तरी. कपड्याचं टोक त्यात अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

अजून काही बारकावे आहेत जे कॉलेजात कुणी सांगत नाही. मोटरला केस ड्रेनची, म्हणजे आत झिरपलेलं तेल बाहेर काढणारी, लाइन असेल तर ती सरळ टाकीत न्यायची, बंद ठेवली की शाफ्टचं सील उडालंच म्हणून समजा. ब्लेड सरळ मोटरच्या शाफ्टवर बसवू नका, आतले बेअरिंग सहसा तेवढ्या आडव्या लोडसाठी नसतात, वेगळा स्पिंडल द्या. बूमच्या सिलिंडरला काउंटरबॅलन्स वॉल्व थेट सिलिंडरवरच बसवा, मध्ये होज नको, म्हणजे होज फुटला तरी बूम खाली कोसळत नाही. आणि होजमधून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हाताने कधीही चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचं तेल कातडीत घुसतं, वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो पण आत नुकसान चालू असतं, तिथे वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं आणि तेल घुसलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं.

करवतीचं थोडक्यात सांगतो. बारीक फांद्यांची सरळ भिंत छाटायची असेल तर एका बारवर ओळीने गोल ब्लेडं, मोजक्या जाड फांद्या असतील तर एकच ब्लेड किंवा चेनसॉ हेड, आणि खाली काही पाडायचंच नसेल तर फांदी धरून कापणारं ग्रॅपल, पण त्यात फांदीचं सगळं वजन बूमच्या टोकावर येतं म्हणून वरचा स्टॅबिलिटीचा हिशेब पुन्हा करायचा. ६०० मिमीचं ब्लेड २००० आरपीएमला फिरलं तर दाताचा वेग सेकंदाला ६३ मीटर होतो, ताशी सव्वादोनशे किलोमीटर. सुटलेला दात किंवा लाकडाचा तुकडा त्याच वेगाच्या आसपास उडतो. म्हणून केबिनला पॉलिकार्बोनेट, वर पडणाऱ्या वस्तूंसाठी मजबूत छत, रोल बार आणि त्याबरोबर सीटबेल्ट, कारण बेल्ट नसेल तर रोल बारचा उपयोग निम्माही होत नाही. आयएसओ १२१०० मध्ये जो क्रम दिलाय तो भिंतीवर लावा, आधी धोकाच डिझाइनमधून काढा, नाही निघाला तर गार्ड, आणि स्टिकर सगळ्यात शेवटी.

विजेच्या तारांबद्दल ऑपरेटरला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं. ८ मीटर वर गेलेला बूम ट्रॅक्टर ५ अंश कलला की टोकाला ७० सेंमी सरकतो, त्यामुळे लांबून वाटलेलं अंतर खरं नसतं, आणि हाय व्होल्टेजला स्पर्शसुद्धा लागत नाही. तारांजवळ काम असेल तर आधी लाइन बंद करून घ्या. तरीही बूम लागलाच तर सीटवरून उतरायचं नाही, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बसून राहायचं. आगच लागली तर दोन्ही पाय जोडून उडी मारायची, ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी हाताला-पायाला लागू द्यायची नाही, आणि पाय न उचलता सरकत लांब जायचं.

वेल्डिंग. एका ठिकाणाहून आमच्याकडे दुरुस्तीला बूम आला होता, वरून रंग एकदम छान. पण गसेट, म्हणजे जोडाला मजबुतीसाठी लावलेली पट्टी, जिथे संपतं त्या कोपऱ्यापाशी रंगावर केसाएवढी तांबडी रेघ होती, गंजाची. ग्राइंडरने रंग काढला तर क्रॅक वेल्डच्या टोकापासून निघून वरच्या प्लेटमध्ये अर्ध्या रुंदीपर्यंत गेलेला. जाडी भरपूर होती, कमी पडला तो आकार, गसेटचं टोक काटकोनात बोथट तोडलेलं आणि त्याच्यावरून आडवा वेल्ड मारलेला, नेमका जिथे ताण सगळ्यात जास्त. गसेटचं टोक निमुळतं उतरवा, ताणाच्या बाजूला आडवा वेल्ड टाळा, आणि ऑपरेटरला रोज सकाळी फडक्याने पुसून अशी तांबडी रेघ शोधायला शिकवा. हे कळायला स्वतः काही महिने वेल्डिंग टॉर्च हातात धरलेला बरा, मग ड्रॉइंगवर अशा जागी वेल्ड दाखवणार नाही जिथे टॉर्च पोचतच नाही.

पहिल्या नोकरीत तुम्हाला पूर्ण यंत्र कुणी देणार नाही, पिन, बुश, ब्रॅकेटची ड्रॉइंग्ज देतील. नाराज होऊ नका, या यंत्रात ढिलेपणा सुरू होतो तो पिन-बुशमध्येच, आणि ५ मीटरच्या बूमला मुळाशी एक मिलिमीटर खेळ असला की टोकाला तो कितीतरी पट दिसतो. टेस्टिंगला मात्र स्वतः मागून जागा मिळवा. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून बूम हळूहळू बाहेर नेतात, करवत बंद, सीटवर कुणी नाही, कंट्रोल लांबून, ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूने साखळीने बांधलेला, आणि प्रत्येक टप्प्याला आकडे लिहून घेतात. बूमच्या विरुद्ध बाजूच्या चाकाचा आकडा जसजसा उतरत जातो तसा तुमच्या कागदावरच्या हिशेबाशी ताडून बघा. जुळला नाही तर पुढे जायचं नाही, आधी कुठे फरक पडला ते शोधायचं, बहुतेक वेळा बूमचं खरं वजन ड्रॉइंगपेक्षा जास्त भरलेलं असतं, होज आणि त्यातलं तेल कुणी धरलेलंच नसतं.