मुहूर्त १२ च्या आसपास असेल तर फोटो सकाळीच उरका

नवरा-नवरीचे निवांत फोटो "लग्न लागल्यावर बघू" म्हणून अजिबात ठेवू नका. अक्षता पडल्या की स्टेजसमोर रांग लागते, मग होम, सप्तपदी, पंगती, आणि बाहेर ऊन असं डोक्यावर आलेलं असतं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. माझ्या बहिणीच्या लग्नात हेच झालं, ४ वाजता दोघांना लॉनवर नेलं तोवर गजरा पार मलूल झालेला आणि मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, खूप वाईट वाटलं.

त्यापेक्षा सकाळी ८ ते ९ मधला अर्धा तास फक्त दोघांसाठी ठेवा, ऊन कोवळं असतं आणि हॉलवर गर्दीही नसते. लग्नाआधी एकत्र फोटो घरच्यांना चालणार नसतील तर निदान दोघांचे वेगवेगळे तरी घ्या. मेकअपवाल्या ताईंना मुहूर्ताची नाही, फोटोची वेळ सांगा आणि तिथून उलटं मोजा, नऊवारी, केस, मेकअप धरून दोन-अडीच तास सहज जातात. साडी बदलायची असेल तर त्याचा अर्धा तास वेगळा धरा, हा सगळेच विसरतात.

घरच्यांच्या ग्रुप फोटोंची यादी आधीच करा, आजी-आजोबा पहिले, आणि ती दोन्हीकडच्यांना ओळखणाऱ्या एखाद्या आतेभावाच्या हातात द्या, फोटोग्राफरला मामा कोण नि काका कोण काय कळणार! अंतरपाट खाली येताना गुरुजी आणि मामांनी कुठे उभं राहायचं तेही आदल्या दिवशी सीमांतपूजनालाच बोलून घ्या.