घरखर्चाचा मेळ का बसत नाही? या चुका टाळा

घरखर्चाचा मेळ बसेनासा झाला की बहुतेक घरांत पहिला दोष महागाईला दिला जातो आणि दुसरा बाहेरच्या चहा-वड्याला. महागाई खरीच आहे, ती कोणी नाकारत नाही. परंतु आमच्या सोसायटीतील आणि नात्यातील जी मंडळी हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे येतात, त्यांच्या वहीत मला वर्षानुवर्षे त्याच चार-पाच चुका दिसतात आणि त्यांतील एकीचाही चहा-वड्याशी संबंध नसतो. त्यातही एक चूक अशी आहे, की ती दुरुस्त केल्याखेरीज बाकीची सगळी काटकसर वाया जाते, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करते.

ती चूक म्हणजे अंदाजपत्रक फक्त महिन्याचे करणे. पगार महिन्याचा येतो म्हणून खर्चही महिन्याचाच धरला जातो. किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, सोसायटीचा देखभाल खर्च, घराचा हप्ता यांची बेरीज पगारातून वजा करायची आणि उरेल त्याला बचत म्हणायचे, असा हा सरळसोट हिशेब असतो. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराचे मोठे खर्च मात्र या हिशेबात बसतच नाहीत. एप्रिल-मेमध्ये महापालिकेच्या मालमत्ता कराचे बिल येते, त्याच सुमारास महावितरणचे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते, वर्षाचे धान्य भरण्याचे दिवसही तेच असतात. जूनमध्ये शाळा उघडते, भाद्रपदात गौरी-गणपती येतात, पाठोपाठ दिवाळी, आणि मध्येच कधीतरी गाडीचा व आरोग्याचा विमा. यांतला एकही खर्च अचानक उद्भवलेला नसतो. तरीही दर वर्षी तो आला की घरात धावपळ उडते.

कोथरूडमधील एक नोकरदार दांपत्य एका जुलै महिन्यात माझ्याकडे आले होते. त्यांचा हिशेब दिसायला इतका नेटका होता, की मला प्रथम चूक सापडेना. प्रत्येक खर्च संगणकावर रकान्यांत मांडलेला, हॉटेलात जाणे जवळपास बंद, आणि दरमहा उरणारे १४,००० रुपये पगाराच्या दुसऱ्याच दिवशी म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जात होते. त्यातील बराच भाग कर वाचवणाऱ्या ईएलएसएस योजनेत होता, जिथे प्रत्येक हप्ता तीन वर्षे अडकून राहतो. ‘काकू, आम्ही दर महिन्याला चौदा हजार वाचवतो, तरी क्रेडिट कार्डावर सत्तर हजारांची थकबाकी कशी साचली?’ असा त्या मुलीचा प्रश्न होता, आणि तो विचारताना तिच्या डोळ्यांत पाणी होते.

मी तिला वर्षभराचे सुटे खर्च एका कागदावर लिहायला लावले. मालमत्ता कर १२,०००, दोन्ही वाहनांचा विमा १८,०००, आरोग्य विमा ३०,०००, शाळेची जूनमधील फी, गणवेश आणि वह्या-पुस्तके मिळून ४५,०००, वर्षाचे धान्य १५,०००, दिवाळी २५,०००, गौरी-गणपती आणि लग्ना-मुंजींचे आहेर ११,०००. बेरीज झाली १,५६,०००. बाराने भागल्यावर महिन्याला १३,०००. म्हणजे त्यांची खरी बचत दरमहा १४,००० नव्हे, तर केवळ १,००० रुपये होती. उरलेले तेरा हजार आधीच खर्चासाठी ठरलेले होते आणि तेच पैसे ते तीन वर्षांच्या कुलपात ठेवत होते. मग जूनमध्ये शाळेची फी कार्डावर गेली, विमाही कार्डावर गेला, आणि बिल आले तेव्हा ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरली गेली.

या किमान रकमेइतका मोठा सापळा दुसरा नाही. ती भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. सत्तर हजारांच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के दराने २,४५० रुपये व्याज होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे साधा किराणा जरी कार्डावर घेतला तरी पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. त्यांची गुंतवणूक कितीही चांगली चालली असती, तरी या दराची बरोबरी तिने केली नसती. मी त्यांना एसआयपी काही महिने थांबवायला, दिवाळीचा बोनस आला तसा कार्डावर भरायला आणि तोवर कार्ड कपाटात ठेवायला सांगितले. दिवाळीनंतर थकबाकी फिटली, आणि एसआयपी त्यांनी पुन्हा सुरू केली ती झेपेल एवढ्याच रकमेची.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. घरखर्चाच्या खात्याहून वेगळे असे एक बचत खाते मी केवळ वार्षिक खर्चासाठी ठेवते. त्याचे एटीएम कार्ड पाकिटात नसते आणि ते खाते मोबाइलच्या कोणत्याही यूपीआय ॲपला जोडलेले नसते. पगाराच्या दिवशी बाराव्या हिश्शाची रक्कम तिथे जाते, त्यानंतरच बाकीचे सगळे. काही जण याच कामासाठी भिशी लावतात. भिशीला माझा विरोध नाही, ओळखीच्या माणसांत ती शिस्त लावते. परंतु चिठ्ठीत आपले नाव कोणत्या महिन्यात निघेल हे आपल्या हाती नसते, आणि शाळेची फी मात्र जूनमध्येच भरावी लागते. बँकेचे आवर्ती ठेव खाते त्यापेक्षा बरे, फक्त त्याची मुदत मे महिन्यात संपेल असे पाहून ते उघडावे.

मालमत्ता कराबाबत पुणेकरांना आणखी एक सांगावेसे वाटते. वर्षारंभीच्या मुदतीत तो भरला, तर सर्वसाधारण करात पाच किंवा दहा टक्के सवलत मिळते, आणि रेंगाळत ठेवला तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत बिलात दिसत नसेल, तर पीटी-३ अर्ज भरून ती मागून घ्यावी. भाजीवाल्या मावशींशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारी कितीतरी माणसे हा अर्ज भरायचा कंटाळा करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी चूक स्वस्ताईच्या मोहाची आहे आणि ती विशेषतः नव्याने संसार मांडलेल्यांकडून होते. घाऊक घेतले की स्वस्त पडते हे खरे असले, तरी जेवढे खाऊन संपेल तेवढेच स्वस्त पडते. आमच्या ओळखीतल्या एका नवविवाहित जोडप्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून मार्केट यार्डातून एक क्विंटल लोकवन गहू आणला. किलोमागे पाच रुपये वाचले, म्हणजे पाचशे रुपयांचा फायदा, अशी त्यांची समजूत होती. त्यातले बरेचसे टेम्पोत आणि हमालीतच गेले. खरी अडचण पुढे आली. दोघेही नोकरीला, पोळ्या घरी होतात त्या आठवड्यातून चार दिवस, दिवसाला आठ. एक किलो गव्हाच्या पिठात साधारण अठ्ठावीस ते तीस पोळ्या होतात, तेव्हा आठवड्याला किलोभराहून थोडा अधिक गहू, म्हणजे वर्षाला जेमतेम साठ किलो. चाळीस किलो गहू त्यांना मुळातच नको होता. तो न वाळवता, न निवडता प्लास्टिकच्या पोत्यातच बाल्कनीत ठेवला गेला आणि श्रावणातल्या दमट हवेत त्याला किडे लागले. मी पाहायला गेले तेव्हा पोत्याच्या शिवणीतून टोके (धान्यातले किडे) बाहेर येत होते, आत हात घातला तर तळाचा गहू कोमट लागत होता आणि मुठीतून पीठ सांडत होते. निम्म्याहून अधिक पोते फेकावे लागले.

अशा वेळी ‘वर्षाचे धान्य भरणे हीच जुनी आणि कालबाह्य पद्धत’ असा निष्कर्ष काढला जातो, तोही चुकीचा. पद्धत चांगली आहे, तिच्यात मेहनत आहे एवढेच. आधी तीन महिने आपण गिरणीतून किती किलो दळण आणतो ते लिहावे, त्याला चारने गुणावे आणि त्याहून एक किलोही जास्त घेऊ नये. गहू निवडून, गच्चीवर कडकडीत उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर एरंडेलाचा हात फिरवून कोरड्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या कोठीत भरावा. हे सर्व करायला सवड नसेल, तर महिन्याचे दळण दुकानातून घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः गहू तेवढा वर्षाचा भरते, तांदूळ सहा महिन्यांचा आणि तूरडाळ तीन महिन्यांपेक्षा अधिक कधीच नाही. ज्यांना धान्य घाऊक भावात हवे पण कोठ्या नकोत, त्यांच्यासाठी ग्राहक पंचायतीच्या संघांचा मार्ग आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करते आणि पुण्यातही तिचे काम आहे. तिथे यादी आधी द्यावी लागते. आयत्या वेळी दुकानात हाताला लागेल ते उचलण्याची सवय त्यामुळे आपोआप सुटते, आणि माझ्या मते खरी बचत तिथेच होते.

याच मोहाचे एक छोटे रूप तेलाच्या पिशवीत दिसते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, परंतु त्याच आकाराच्या दिसणाऱ्या काही पिशव्यांत ८५० ग्रॅम किंवा त्याहूनही कमी तेल असते आणि भाव चार-पाच रुपयांनी उतरलेला दिसतो. पिशवीवरील किमतीला निव्वळ वजनाने भागून पाहिल्याशिवाय स्वस्त कोणती हे ठरवू नये. त्याचप्रमाणे बावधनहून मार्केट यार्डापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटरचा फेरा मोटारीने मारून आठवड्याची भाजी आणण्यात काटकसर नाही. वाटेवरच्या मंडईतून घ्यावी.

दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या सेवांबद्दल माझे मत कडक आहे. घरपोच शुल्क वाचावे म्हणून नको असलेली बिस्किटे यादीत घालणे हा खर्चच आहे. मीठ संपले तर वाटीभर शेजारून आणावे.

उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात सगळेच निम्म्यावर आणणाऱ्यांविषयी मला काळजी वाटते, कारण तिसऱ्या महिन्यात हीच माणसे वही बंद करतात. आधी तीन महिने काहीही न कापता केवळ लिहावे. लिहायचे ते रोज रात्री, महिनाअखेरीस आठवून नव्हे. यूपीआय लाइटने केलेले छोटे खर्च पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, ते वहीत विशेष आठवणीने लिहावेत.

विजेच्या बाबतीत टप्पे लक्षात ठेवावेत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त असतात, १०१ ते ३०० चा दर बराच चढा आणि त्यापुढचा आणखी चढा असतो. महिन्याला तीनशेच्या आसपास घोटाळणाऱ्या घराने गिझरचा वापर थोडा आवरला तरी सर्वांत महाग युनिटे आधी कमी होतात. दिवाणखान्यातला दिवा विझवत फिरण्यापेक्षा हे अधिक उपयोगी आहे.

आरोग्य विम्याचा हप्ता आणि वाहनाची सर्व्हिसिंग यांना कात्री लावू नये. घरकामाच्या मावशींच्या पगाराला आणि दिवाळीला द्यायच्या एका महिन्याच्या बोनसला तर मुळीच लावू नये. स्वतःच्या घराचे अंदाजपत्रक दुसऱ्याच्या घरातून वसूल करणे मला मान्य नाही, म्हणून ती रक्कम मी वार्षिक खात्याच्या यादीत अगदी वर लिहिते.

एवढे करूनही वीस तारखेला पैसे संपत असतील, तर आधी त्या महिन्यात वार्षिक यादीतला एखादा खर्च महिन्याच्या पैशांतून झाला का ते पाहावे, बहुतेक वेळा तोच सापडतो. तो नसेल, तर पगारानंतरच्या पहिल्या पाच दिवसांचा खर्च वेगळा काढावा, कारण हात सैल सुटतो तो तेव्हाच. तेही ठीक असेल, तर किराण्याचा आकडाच मुळात कमी धरलेला असतो आणि तो निमूटपणे वाढवून दुसरीकडे जागा करावी लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे आणि त्यांचा हातखर्च कोणी धरलेला नाही, असेही पुष्कळदा आढळते. त्यांना विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, म्हणून अंदाजपत्रक करताना त्यांना सोबत घेऊन बसावे.

पहिल्या वर्षी वार्षिक खाते बहुधा पुरणार नाही, कारण जानेवारीत सुरू केलेल्या खात्यात मेपर्यंत पाचच हप्ते जमतात आणि मोठी बिले नेमकी तेव्हाच येतात. त्यासाठी हे खाते दिवाळीनंतर लगेच सुरू करावे. ते जमले नाही, तर पहिल्या मे-जूनपुरती जुन्या मुदत ठेवीतून किंवा बोनसमधून भर घालावी, आणि कोणत्या महिन्यात किती कमी पडले तो आकडा पुढच्या वर्षीच्या यादीशेजारी लिहून ठेवावा.