दुपारच्या उन्हासाठी अष्टाचंग

सुट्टीत भाचरे-पुतणी मिळून आठ-दहा मुले घरी जमली की मराठवाड्यातील दुपारच्या उन्हात त्यांना बाहेर सोडता येत नाही आणि मोबाइलवरून भांडणे सुरू होतात. त्यावर बिनखर्चाचा उपाय अष्टाचंग या पटावरच्या खेळाचा आहे.

१. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखावा.

२. दोन टपोरे चिंचोके अडकित्त्याने उभे दुभंगून चार फाकी कराव्यात. जितक्या पांढऱ्या बाजू वर पडतील तितके दान, चारही काळ्या पडल्यास आठ.

३. मोठ्याच्या जोडीला धाकटे देऊन चार जोड्या कराव्यात, म्हणजे आठ मुले एकाच पटावर रमतात. सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे नकोत, खडे चालतात.

लहान मुले चिंचोके नाकात घालतात, म्हणून खेळ संपताच ते मोजून डब्यात ठेवावेत.