घरात नागीण उठली तर भांडण न करता डॉक्टरकडे कसं न्यायचं

मी देव मानत नाही, आमची मावशी दर सोमवारी मंगेशीला जाते, आणि गेल्या पावसात तिच्या कमरेला नागीण (अंगावर पट्ट्यात येणारे फोड) उठली. घरात लगेच घाडी (गावचा मांत्रिक), मंत्र, काव (फोडांवर लावायची लाल माती) असंच सुरू झालं. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे "देवबिव काही नसतं" हे वाक्य गिळायचं, त्याने पेशंट बरा होत नाही, नुसती भांडी आपटली जातात. घड्याळ बघा. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत व्हायरसवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर जास्त फायदा, आणि घाड्याकडच्या फेऱ्यांत नेमके तेच तीन दिवस जातात. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी न्या, प्लीज.

मग भीती काढायची. नागिणीचं तोंड-शेपूट अंगाभोवती जुळलं की माणूस जातो म्हणतात ना, तर मावशीला आरशात दाखवलं की फोड मणक्यापाशी सुरू होऊन पोटाच्या मध्यावर थांबलेत, पलीकडे एकपण नाही. कांजण्यांचाच व्हायरस नसेत लपून बसलेला असतो आणि एका नसेचा पट्टा धरून उठतो, म्हणून सहसा एकाच बाजूला. बहुतेकांचं 2 ते 4 आठवड्यांत आपोआप सुकतं, क्रेडिट मंत्राला!

देवाचा कौल घ्यायचाच असेल तर घेऊ दे, पण गोळी घेऊन. मावशीने तेच केलं. काव मात्र फोडांवर फासू नका, चिघळू शकतं.