भाजी पाणचट, चिकट, खाजरी होते? या चुका टाळा

भाजी बिघडली की आपण मसाल्याला बोल लावतो. गोडा मसाला जुना झाला असेल, यंदाचं तिखटच भिकार निघालं, वगैरे. खरं तर रोजच्या साध्या भाज्यांत घोळ होतो तो पाण्याचा आणि आंबटाचा. पाणी कधी सुटू द्यायचं, कधी अडवायचं आणि चिंच-आमसूल कधी टाकायचं, एवढं सांभाळलं तर नुसत्या हिंग-मोहरीच्या फोडणीवरही भाजी उतरते.

भेंडीला तार सुटते

भेंडीतला बुळबुळीत चीक पाण्यात विरघळतो. ऑफिसातून येता येता स्टेशनबाहेर घेतलेली भेंडी घाईत चिरायची आणि मग नळाखाली धरायची, म्हणजे चिकटपणाला आमंत्रणच. आधी अख्खी धुवा, फडक्याने पुसा, मग चिरा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत ती लवकर सुकत नाही, म्हणून डब्याची भेंडी रात्रीच धुऊन पंख्याखाली पसरून ठेवलेली बरी. कढई पसरट, झाकण नाही, मीठ शेवटी. एवढं करूनही तार धरलीच तर दोन आमसुलं टाका, आच वाढवा आणि सारखं उलथनं फिरवणं थांबवा.

पालेभाजी खारट, गवार अर्धीकच्ची

माठाची जुडी कढईत डोंगराएवढी दिसते आणि पाच मिनिटांत मूठभर होते. मीठ त्या डोंगराकडे बघून पडतं. भाजी खाली बसू द्या, मग घाला. खारट झालीच तर बेसन पेरा, पाणीही आटेल.

गवार, फरसबी, कोबीत मात्र उलटी चूक होते: वरून थंड पाणी ओतलं जातं. त्याऐवजी कढईवर ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी ओता. आतली वाफ ताटलीच्या थंड बुडाला लागून पुन्हा भाजीतच ठिबकते. तरीही कमी पडलंच तर ताटलीतलं तेच गरम पाणी घाला.

डाळ शिजत नाही, अळू खाजतो

अळूच्या फदफद्यात दोन गोष्टींचं भांडण असतं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घशाला टोचतात ते हेच. म्हणून अळूला चिंच हवी. पण चणाडाळ आणि शेंगदाणे आंबटात शिजायला बसवले की कडकच राहतात, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. उपाय सोपा आहे. डाळ-दाणे चारेक तास भिजवून एका डब्यात साध्या पाण्यात लावा, अळूची पानं-देठी दुसऱ्या डब्यात थोड्या चिंचेच्या कोळासकट. दोन्ही शिजल्यावरच एकत्र घोटा. अळू चिरताना हाताला तेल किंवा चिंच लावा.

वालाच्या बिरड्याचंही तेच. ठाण्यातल्या जुन्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत बिरडं हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि योग्यच आहे. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. एवढा खटाटोप करून शेवटी कुकरला लावणं म्हणजे मेहनतीचा लगदा. पातेल्यातच शिजवा, मंद आचेवर, पाणी वालांच्या जेमतेम वर. ढवळू नका, पातेलं धरून हलवा. दाणा बोटांत सहज दबला की मगच आमसूल आणि गूळ, शेवटी ओलं खोबरं.

भरीत पाणचट होतं

खान्देशी भरीत करायचं तर भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलू नका. साल झटकन निघते, पण धुराचा वासही मोरीत जातो. जळगावच्या भरिताच्या हिरव्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिकडे ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात. आपल्या फ्लॅटमध्ये गॅसची आच आहे, तीही चालते. फक्त वांगं आकाराच्या मानाने हलकं बघून घ्या, जड वांग्यात बिया जास्त. भाजण्याआधी टोचे मारा, नाहीतर फुटतं. सोललेला गर चाळणीत निथळू द्या आणि मग मिरची-लसूण-दाण्यांच्या फोडणीत टाका. कांद्याची पात हवी, टोमॅटो नको. टोमॅटो घातलेलं भरीतही चांगलं लागतं, पण त्याला खान्देशी म्हणू नये.

रानभाजी आणली, पण करायची कशी?

पहिल्या पावसानंतर ठाण्याच्या बाजारात शहापूर-मुरबाडकडच्या बायका शेवळं, म्हणजे पावसाळ्यात उगवणारे रानातले कोंब, घेऊन बसतात. ती घशाला अळूपेक्षा जास्त खाजतात, म्हणून शेजारी काकडं नावाची छोटी आंबट फळंही विकायला असतात. नवखे लोक नुसतीच शेवळं उचलतात आणि घरी गेल्यावर चिंचेवर भागवू बघतात. काकडं सोबतच घ्या, आणि शेवळातलं काय टाकायचं, काय ठेवायचं हे त्या मावशींकडून हातात धरून बघून घ्या. काकडं संपली असतील तर त्या दिवशी फोडशीची, म्हणजे गवतासारख्या पानांच्या रानभाजीची, जुडी आणा. तिला कांदा आणि भिजवलेली मूगडाळ पुरते.